सुंता सुट्टीच्या अखेरीस नको

मा. संपादक,
स. न.

मे महिन्यात मुंबईकर आणि आखातातली मंडळी गावी येतात, आणि रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत लहान मुलांच्या सुंता उरकल्या जातात. अनेकदा परतीच्या तिकिटाला दोन-तीन दिवस उरलेले असताना. हे टाळायला हवं. सुंता करताना शिश्नाच्या टोकावर बसवलेली प्लास्टिकची रिंग साधारण ५ ते ८ दिवसांत आपोआप गळते. ती मागे सरकली तर शिश्नाचं टोक आवळून सुजतं. अशा वेळी, किंवा १०-१२ दिवसांतही ती गळली नाही तर, घरी ओढू नये, डॉक्टरांनीच काढायची.

आधी दोन गोष्टी विचारा. मामाला किंवा मावशीच्या मुलाला जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नाही का? हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) बहुधा आईकडून येतो. शंका असेल तर रक्ताची तपासणी झाल्याशिवाय कात्री नाही. दुसरं, लघवीचं भोक टोकावर न असता खालच्या बाजूला असेल तर सुंता करूच नका. ते दुरुस्त करताना तीच कातडी लागते. आणि एकाच वस्तऱ्याने ओळीने मुलं बसवणं म्हणजे काविळीला (हेपटायटिस बी) आमंत्रण.

शस्त्रक्रिया सकाळी ठेवा. रक्तस्राव झाला तर बहुधा पहिल्या २४ तासांतच होतो, आणि रात्री वाडीवरून तालुक्याला जायला वाहन मिळणं कठीण. रक्त आलं तर स्वच्छ गॉजने १० मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका. तरी थांबलं नाही तर लगेच निघा. घरी घट्ट पट्टी बांधू नका. लघवी अडते, टोक काळंनिळं पडतं. ८ तासांत लघवी झाली नाही तरीही दवाखाना गाठा. राख, हळद, कात यांतलं काहीही जखमेवर नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकावर पिवळसर थर दिसतो. तो पू नव्हे, खरवडू नका. पू असेल तर दुर्गंधी, ताप, पसरत जाणारी लाली असते. लंगोट बदलताना दर वेळी पेट्रोलियम जेली लावा. कापड चिकटून टोक सोलवटत राहिलं तर भोक आकसतं. मग काही महिन्यांनी धार बारीक होते, वर उडते.

दुखण्यावर पॅरासिटामॉल वजनानुसार, ॲस्पिरिन कधीच नाही. बाटली वाचून घ्या: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं औषध १० किलोच्या मुलाला ५ मिली; २५० चं असेल तर अडीचच मिली. दोन डोसांत ६ तासांचं अंतर हवं.

— एक वाचक, दापोली