कपला गिऱ्हाईक का मिळालं नाही

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
२४ मार्च २०२५

ती. अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

त्या रविवारी फोनवर तुम्ही नातवाला विचारलंत, "एवढा मोठा खेळाडू, मग त्याला बदल्यात घ्यायला एकही संघ कसा पुढे आला नाही?" त्याने भराभर काहीतरी सांगितलं, तुम्ही "बरं" म्हणालात, आणि तेवढ्यात आईने फोन घेतला. प्रश्न मात्र मनात राहिला, कारण आमच्या घरात आणि ऑफिसात दोन आठवडे ह्याच्यावरच वाद चालू आहे. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

खेळाडूचं नाव कूपर कप. इथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि बचाव करणाऱ्यांना चुकवत पळत जाऊन तो झेलतो तो रिसीव्हर. कप हा रिसीव्हर. तो लॉस एंजेलिस रॅम्सकडून आठ हंगाम खेळला. २०२१ च्या हंगामात त्याने १४५ झेल घेतले, १,९४७ यार्ड काढले (म्हणजे झेल घेऊन चेंडू तेवढा पुढे नेला) आणि १६ टचडाउन केले (म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवले). तिन्ही आकडे त्या वर्षी एनएफएल ह्या इथल्या लीगमध्ये सर्वांत जास्त होते. तिन्हींमध्ये एकच माणूस पहिला, हे त्याआधी २००५ साली घडलं होतं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम, सामन्यात दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरला असताना विजयी टचडाउनही त्यानेच केला आणि सामनावीरही तोच ठरला.

असा माणूस. आणि यंदा ३ फेब्रुवारीला त्याने स्वतःच जाहीर केलं की संघ मला ट्रेड करणार आहे, म्हणजे बदल्यात दुसऱ्या संघाला देणार आहे, आणि हा निर्णय मला पटलेला नाही. रॅम्स महिनाभराहून जास्त काळ गिऱ्हाईक शोधत होते. कोणी आलं नाही. १२ मार्चला त्यांनी त्याला मोकळं केलं आणि दोनच दिवसांत आमच्या सिअॅटलच्या सीहॉक्सनी त्याच्याशी तीन वर्षांचा, साडेचार कोटी डॉलरपर्यंतचा करार केला.

तुमचा प्रश्न नेमका इथे आहे. जो संघ साडेचार कोटी द्यायला तयार होता, त्याने महिनाभर आधी एखादी किरकोळ किंमत मोजून त्याला का घेतलं नाही?

अण्णा, इथे ट्रेडमध्ये चलन असतं ते ड्राफ्टमधल्या निवडींचं. दर एप्रिलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या पोरांची निवड होते. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या वर्षी ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पहिला मान. पहिल्या फेरीची निवड म्हणजे सोनं. सहाव्या-सातव्या फेरीचं पोरगं लागलं तर लागलं. "ह्या खेळाडूची किंमत काय" असं लोक विचारतात तेव्हा त्यांना विचारायचं असतं की कितव्या फेरीची निवड द्याल.

पण खेळाडू एकटा येत नाही, त्याचा करारही सोबत येतो. खरी गोष्ट तिथे आहे. कपचा जुना करार २०२२ चा, त्याच्या सर्वांत चांगल्या हंगामानंतरचा. त्या करारानुसार यंदाच्या वर्षाचे साधारण दोन कोटी डॉलर द्यावे लागणार होते, आणि ते नव्या संघाच्या माथी आले असते. वर प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करता येईल याची मर्यादा लीगने घालून दिलेली आहे. ती यंदा २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे. त्यामुळे मालक कितीही श्रीमंत असला तरी हात बांधलेले. सगळ्यांना दिसत होतं की रॅम्सना हा करार नकोसा झालाय आणि त्यांना आज ना उद्या तो सोडावाच लागणार. मग निवडही द्या आणि महागडा करारही घ्या, हे कोण करणार? सगळे थांबून राहिले. सीहॉक्सही थांबले आणि त्यांनी स्वतःच्या अटींवर, वर्षाला दीड कोटीच्या हिशोबाने त्याला घेतलं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा टकोमाचा एक सहकारी आहे, सीहॉक्सचा पिढीजात पाठीराखा. तो म्हणतो, बाजाराने कपची किंमत शून्य ठरवली आहे, तर तीन वर्षांचा करार कशाला? मला हे अजिबात मान्य नाही आणि मी त्याला ते रोज जेवणाच्या सुट्टीत सांगतो. बाजाराने किंमत ठरवली ती त्या जुन्या कराराची. कपला मोकळं केल्यावर दोन दिवसांत नोकरी मिळाली. किंमत शून्य असलेल्या माणसाला मिळते का?

डावांटे अॅडम्सचं उदाहरण घ्या, म्हणजे हे आणखी स्पष्ट होईल. मार्च २०२२ मध्ये, तो २९ वर्षांचा असताना, लास वेगासच्या रेडर्सनी त्याच्यासाठी ग्रीन बेच्या पॅकर्सना एक पहिल्या फेरीची आणि एक दुसऱ्या फेरीची निवड दिली. गंमत बघा, त्यातली दुसऱ्या फेरीची निवड ५३ व्या क्रमांकाची होती, आणि २०१४ साली पॅकर्सनी अॅडम्सला निवडलं होतं तेही ५३ व्याच क्रमांकावर! ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच अॅडम्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला तो तिसऱ्या फेरीच्या एका निवडीवर. ती निवड दुसऱ्या फेरीचीही होऊ शकेल अशी अट होती, पण त्यासाठी जेट्सनी बरीच मजल मारायला हवी होती. तेव्हा ते सहापैकी दोन सामने जिंकलेले होते, हंगाम संपला तेव्हा सतरापैकी पाच. पुढच्या दोन वर्षांसाठी अॅडम्सच्या करारात दर वर्षाचे साडेतीन कोटींहून जास्त डॉलर लिहिलेले होते, पण त्यांची हमी नव्हती. जेट्सनी या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. मग रॅम्सनी त्याला एकही निवड न देता दोन वर्षांसाठी ४ कोटी ४० लाखांना घेतलं.

म्हणजे तीन वर्षांत त्याच माणसाची किंमत पहिली अधिक दुसरी फेरी, मग तिसरी फेरी, मग काहीच नाही. एवढ्यात तो खेळ विसरला का? २०२४ मध्ये दोन संघांत मिळून त्याने हजारावर यार्ड काढले आहेत. आणि त्याला घेणारे हेच रॅम्स, ज्यांनी तीन दिवसांनी कपला सोडलं. अॅडम्स तर कपपेक्षा सहा महिन्यांनी मोठा आहे. तेव्हा नुसतं "वय झालं" म्हणून हा विषय संपत नाही. कपच्या बाबतीत दुखापती आहेत, हे मात्र कबूल करायला हवं. २०२२ ला घोटा गेला, सतरापैकी नऊ सामने खेळला. त्यानंतरच्या दोन्ही हंगामांत बारा-बारा. गेल्या वर्षी ७१० यार्ड. हे आकडे पाहून कोणी कचरला तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

तुमच्या नातवाचं म्हणणं तिसरंच. तो म्हणतो, बाबा, फेब्रुवारीतच पाचव्या फेरीची निवड देऊन टाकायला हवी होती, दुसऱ्या कोणी नेला असता तर? पोराचं प्रेम आहे, मला त्याची तळमळ समजते. पण संघ चालवणाऱ्याने तसं करू नये असं मला वाटतं. वाट बघण्यात धोका होता, पण दोन कोटींचा करार आणि वर एक निवड, ह्यापेक्षा तो परवडणारा होता.

नातवाची घाई समजण्यासारखी आहे, कारण ह्याच महिन्यात सीहॉक्सकडचे दोन रिसीव्हर गेले. डीके मेटकाफला पिट्सबर्गने नेलं, त्याच्या बदल्यात आम्हाला दुसऱ्या फेरीची निवड मिळाली आणि तिकडे त्याला वर्षाला तीन कोटींच्या वर पगार. तो २७ वर्षांचा आहे. आणि टायलर लॉकेट, दहा हंगाम इथेच खेळलेला, त्याला ५ मार्चला मोकळं केलं. त्याचीही कोणी निवड देऊन अदलाबदल केली नाही. त्या दिवशी पोरगा जेवला नाही. लॉकेट २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ६९ वा होता, कप २०१७ च्या ड्राफ्टमध्ये ६९ वा. हे त्यानेच मला दाखवलं आणि तेवढ्यावरून त्याची थोडी समजूत पटली.

माझी स्वतःची एक शंका आहे, ती सांगतो. कप बहुतेक वेळा मैदानाच्या आतल्या बाजूने, गर्दीतून धावतो. आमचा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, ज्याने गेल्या वर्षी १०० झेल घेतले, तोही तिथलाच. दोघांना एका जागेवर कसं वापरणार हे नव्या प्रशिक्षकांना सोडवावं लागेल. पण कप चेंडू हातात नसतानाही उपयोगी पडतो. दुसरा पळत असेल तर समोरच्याला अडवण्याचं काम तो मन लावून करतो, समोरचा बचाव काय करणार आहे हे आधी ओळखतो. मी त्याचे सामने मुद्दाम तेवढंच बघायला पुन्हा लावले आहेत. ड्राफ्टमधल्या निवडींच्या कोष्टकात ह्या गुणाला रकाना नाही, आणि माझा सगळा राग त्यावर आहे.

जुन्या लोकांना हे नवीन नाही. २०१३ मध्ये बाल्टिमोरच्या रेव्हन्सनी सुपर बोल जिंकला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सना हरवून. अन्क्वान बोल्डिनने त्या सामन्यात १०४ यार्ड काढले. महिनाभरात रेव्हन्सनी त्याला म्हटलं, साठ लाखांच्या पगारातले वीस लाख सोड. तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला त्याच फोर्टीनाइनर्सना देऊन टाकलं, सहाव्या फेरीच्या एका निवडीवर. वय ३२. नव्या संघाकडून पहिल्याच सामन्यात त्याने १३ झेल आणि २०८ यार्ड काढले. रेव्हन्स त्या वर्षी बाद फेरीतही पोचले नाहीत. फोर्टीनाइनर्स मात्र पार सिअॅटलपर्यंत, सुपर बोलच्या आदल्या सामन्यापर्यंत आले. टकोमाच्या सहकाऱ्याने तो सामना मैदानात बसून पाहिलेला आहे. बोल्डिनचं नाव काढलं की त्याला उत्तर सुचत नाही.

उलटही घडतं, ते लपवत नाही. २०२० मध्ये मिनेसोटाने स्टेफॉन डिग्ज बफेलोला दिला आणि मिळालेल्या पहिल्या फेरीच्या निवडीवर जस्टिन जेफरसन आणला, जो आज लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी आहे. म्हणजे निवड हातची सोडणंही सोपं नसतं.

तुम्हाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. अजिंक्य रहाणेचंच बघा, तो तर आपल्या आश्वीचा. २०१९ मध्ये राजस्थानने त्याला दिल्लीला दिलं आणि बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया घेतले. तेव्हा तुम्ही दोन दिवस चिडला होतात. पुढच्या हंगामात तेवतियाने शारजात एका षटकात पाच षटकार मारले तेव्हा फोनवर काही बोलला नाहीत. गेल्या नोव्हेंबरच्या लिलावात तर रहाणेला आधी कोणी बोलीच लावली नाही, नंतर कोलकात्याने दीड कोटीला घेतला, आणि परवा शनिवारी तोच त्यांचा कर्णधार होता. इथे सकाळचे सात वाजले होते. सामना गेला, पण त्याचे ३१ चेंडूंत ५६ बघताना मला कपची आणि तुमच्या प्रश्नाची आठवण होत होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. कप मूळचा इथलाच, याकिमाचा. आमच्याकडून डोंगर ओलांडून गाडीने अडीच तास. सफरचंदांचा मुलूख. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही ह्या लीगमध्ये खेळले. शाळेत असताना मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, म्हणून तो ह्याच राज्यातल्या एका लहान कॉलेजात गेला आणि तिथे ४२८ झेलांचा विक्रम करून बाहेर पडला. याकिमाच्या लोकांना कितव्या फेरीच्या निवडीला आला याच्याशी काही देणंघेणं नाही. तो घरी आला, एवढं त्यांना पुरे आहे. मलाही, खरं सांगायचं तर.

ही म्हणते, सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघं इथे असाल तर एका सामन्याची तिकिटं काढू. आवाज फार असतो, आईला कानात घालायला काहीतरी आणून ठेवीन. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की लगेच कळवा. रविवारी पाडवा. इथे गुढीसाठी कडुलिंब मिळत नाही, पण काठी आणि गडू तयार आहेत, बत्ताशांची माळ मंडळातून आणली. आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, दादाला आठवण करा.

आणि मला एवढं लिहून पाठवा: मालक तुम्ही असता तर फेब्रुवारीत कपसाठी पाचव्या फेरीची निवड दिली असती का? तुमचा नातू उत्तराची वाट बघतोय, आणि तुम्ही माझ्या बाजूने नसाल तरी तसंच लिहा.

आईस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा