तोंडात किती बोटं जातात ते कळव

अंबाजोगाई,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

सकाळी फोनवर तू तीनदा विचारलंस, "भूल उतरंल ना रं?" तिन्ही वेळा मी "उतरंल की" म्हणालो. फोन ठेवल्यावर माझं मलाच बरं वाटेना. पंचवीस वर्षं लोकांना भूल देतोय, आणि लहानपणच्या दोस्ताच्या वाट्याला आलं काय, तर "उतरंल की". त्यात तुझा फोन स्पीकरवर. मागे वहिनींच्या बांगड्या वाजत होत्या, म्हातारी खोकत होती. मला तुला जे विचारायचं होतं ते त्या सगळ्यांपुढे विचारता येईना. म्हणून हे पत्र. घरात वाचू नको, शेतातल्या आखाड्यावर नेऊन वाच.

सर्जनबद्दल तू एक अक्षर विचारलं नाहीस. पोटाला चार भोकं पाडून तो पित्ताची पिशवी बाहेर काढणार, त्याचं तुला काही नाही. भीती आहे ती झोपेची. तू एकटा नाहीस, माझ्यापुढे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचं हेच असतं. पण बाळ्या, ती झोप नसतेच. झोपलेल्याला चिमटा काढला तर तो उठून शिवी देतो. भूल दिलेल्या माणसाच्या मेंदूचा आलेख काढला तर तो झोपेपेक्षा बेशुद्धीच्या जास्त जवळचा दिसतो. फक्त ही बेशुद्धी आम्ही मोजून आणतो, आणि मोजूनच परत नेतो.

मंगळवारी काय काय होईल ते ऐक. टेबल अरुंद असेल, आपल्या एसटीच्या बाकापेक्षा थोडं बरं. दंडाला पट्टा, छातीवर चिकट्या, बोटाला चिमटा. तो चिमटा बोटातून प्रकाश सोडतो आणि रक्तात प्राणवायू किती ते सांगतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मशीन टिक करतं, आणि प्राणवायू उतरला की टिकचा सूरही उतरतो. पडद्याकडे पाठ असली तरी मला कळतं. बायको म्हणते, तुम्ही घरात बोलणं अर्ध्याच कानानं ऐकता. खरंय तिचं. उरलेला अर्धा कान पंचवीस वर्षांपूर्वीच त्या टिकटिकीला देऊन बसलोय.

मग तोंडावर मास्क. प्लॅस्टिकचा वास येईल, घाबरू नको, तीन मिनिटं शांतपणे मोठे श्वास घे. हवेत जवळपास चार हिस्से नत्रवायू असतो आणि एक हिस्सा प्राणवायू. तो नत्रवायू बाहेर काढून तुझी छाती नुसत्या प्राणवायूनं भरून ठेवायची असते. टँकर कधी येईल याचा भरवसा नसला की आपल्या आया हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायच्या ना, अगदी तसं.

त्यानंतर सलाईनच्या नळीतून पांढरं औषध येईल. नाव प्रोपोफॉल, पण थिएटरात सगळे त्याला दूधच म्हणतात, कारण दिसतंच तसं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून तेलात मिसळतात, आणि ते तेल कशाचं सांगू? सोयाबीनचं. भाव पडला म्हणून तू वर्षभर ज्याच्या नावानं बोंब मारतोस तेच पीक तुझ्या हाताच्या शिरेतून जाणार आहे. शिरेत थोडी आग होईल. मी या वेळी पेशंटला त्याचा पत्ता विचारतो. बहुतेक जण गाव सांगतात, तालुक्यापर्यंत येतात. जिल्हा क्वचितच कोणाच्या तोंडून निघतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा खेळ असतो.

आता पुढचं वहिनींना वाचून दाखवू नको. तुझा श्वास थांबेल. चुकून थांबणार नाही, आम्ही थांबवणार. पोटातले स्नायू ताठ असले तर सर्जनला आत काही करता येत नाही, म्हणून स्नायू ढिले करणारं औषध देतात. मज्जातंतू स्नायूला जिथं निरोप देतो, तिथंच ते आडवं बसतं. मेंदूनं आज्ञा सोडली तरी हात, पाय, जबडा, छातीखालचा पडदा, कोणालाच ती पोचत नाही. हृदय मात्र या औषधाला दाद देत नाही, ते स्वतःचा ताल स्वतःच धरतं. पापण्यासुद्धा मिटलेल्या राहत नाहीत, म्हणून आम्ही डोळ्यांवर चिकटपट्टी लावतो, नाहीतर बुबुळ कोरडं पडून खरचटतं. आणि तुझा श्वास? तो मी घेणार. म्हणजे तिथं नांदेडला भूल देणारा माझा भाऊबंद घेणार.

त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. वाकड्या पात्याच्या बॅटरीनं जीभ उचलली की खाली अंधारात दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात, इंग्रजी व्ही उलटा केल्यासारख्या. तुझा आवाज तिथून निघतो. शाळेत पाढे म्हणायचास, कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाकडे तोंड करून मला हाका मारायचास, तो सगळा तिथून. नळी त्या पट्ट्यांमधून जायला हवी. गेली की नाही याचा पुरावा म्हणजे तुझ्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची पडद्यावर उमटणारी टेकडी. एकामागून एक टेकड्या, आकडा पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. ती पहिली टेकडी दिसेपर्यंत मी स्वतः श्वास घेत नाही. अजूनही.

पण त्या पट्ट्या दिसायला तोंड उघडावं लागतं. इथंच माझं तुझ्याशी काम आहे.

दिवाळीत तू आमच्याकडे जेवलास. ठेच्याला बोट लावलंस आणि डोळे भरून आले. "तोंड पोळतंय," म्हणालास आणि दही मागितलंस. वहिनी हसल्या, मी पण हसलो, पण मला हसू येत नव्हतं. पैजेवर सात हिरव्या मिरच्या खाणारा तू! मग बघितलं, भाकरीचा घासही तू चिमणीला घालावा तेवढा तोडत होतास. बाळ्या, सुपारी आणि पुडीनं गालाच्या आतली कातडी आधी पोळते, मग पांढरी पडते, मग दोरीसारखी ताठ होते. तोंड हळूहळू बंद होत जातं, इतकं हळू की ज्याचं त्याला कळत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तुला तो कुठल्या टपरीवर मिळतो हे मला पाठ आहे. वहिनींना तू 'सोडला' म्हणून सांगितलंयस. त्यांच्याशी तुझं काय ते तू बघ. पण भूल देणाऱ्याशी खोटं बोलू नको.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दवाखान्यात रात्री एक तरणाबांड ऊसतोड कामगार आला. फुटलेलं अपेंडिक्स. कागदावर कुणीतरी 'तोंड उघडतं' असं लिहून ठेवलं होतं, आणि मी दिवसभराचा थकलेला, मी ते खरं मानलं. स्वतः बघितलं नाही. त्याला झोपवलं, ढिलं केलं, पातं घ्यायला गेलो तर दातांमध्ये एक बोटही धड जाईना. स्नायू ढिले होतात रे, पण हा वण असतो. कासरा सैल सोडता येतो, वाळलेलं कातडं नाही. नशीब एवढंच की मास्क घट्ट धरून पिशवी दाबली तर छाती हलत होती. औषध उतरेपर्यंत मी तशीच पिशवी दाबत राहिलो आणि त्याला परत जागं केलं. मग जागेपणीच नाकातून, दुर्बिणीवरून नळी सरकवून पुन्हा भूल दिली. बरा होऊन गेला. जाताना माझ्या पाया पडायला लागला. मी पाय मागे घेतले, आणि का घेतले ते त्याला कधीच कळलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला स्वतः "आ" करायला लावतो.

तुला इतिहासाची आवड, म्हणून एक सांगतो. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं लोकांसमोर भुलीसाठी ईथर दिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या आजे-पणजोबांच्या राज्यात, निजामाच्या हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म या भुलीच्या जुन्या औषधावर दोन कमिशन बसली होती हे इथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. भांडण असं, की क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय? तिथला सर्जन लॉरी म्हणायचा, श्वास बघा, नाडीची चिंता करू नका. दुसऱ्या कमिशनसाठी निजामानं हजार पौंड दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन नावाचे डॉक्टर आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि निकाल लॉरीच्या बाजूनं लागला. १९११ साली लेव्ही नावाच्या डॉक्टरनं दाखवलं की क्लोरोफॉर्म थेट हृदयाचाही ताल बिघडवतो. म्हणजे निकाल अर्धाच बरोबर होता. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी नावाची पारशी बाई क्लोरोफॉर्म द्यायची. जगात हे काम करणाऱ्या पहिल्या काही बायकांत तिचं नाव घेतात. औरंगाबाद, बीड, नांदेड सगळं तेव्हा त्याच राज्यात, म्हणून मला ती आपल्याच घरातली वाटते.

बाकीचं पटापट. आदल्या रात्री हलकं जेव. ऑपरेशनच्या आधीचे सहा तास अन्न नाही, आणि दुधाचा चहा म्हणजे अन्नच. म्हातारी म्हणेल, दोन घोटानं काय होतंय. होतं. भुलीत घशाची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं, आणि खोकून बाहेर टाकायची ताकद तेव्हा तुझ्यात नसते. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तिथले सांगतील तेच खरं. हलणारा दात असेल तर सांग. अंगठी, करदोटा घरीच काढून ठेव.

जाग आल्यावर थंडी वाजेल. भुलीत कातडीच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब बाहेर पसरते, पहिल्या तासातच शरीर एक-दीड अंशानं उतरतं. वहिनींना म्हणावं, घरची वाकळ आणली तरी चालेल. उजवा खांदा दुखेल. मग वहिनी म्हणतील, ह्यांना टेबलावरून पाडलं काय? कोणी पाडलेलं नसेल. दुर्बिणीसाठी पोट वायूनं फुगवतात, त्यानं छातीखालचा पडदा चिडतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून निघते, खांद्याच्या शेजारून. मेंदू पत्ता चुकतो. एक-दोन दिवसांत जातं. घसा खवखवेल, तो नळीचा.

"मधेच जाग आली तर?" हे तू विचारलं नाहीस, पण मनात आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी मोजदाद झाली, २०१४ ला अहवाल आला. साधारण एकोणीस हजार भुलींमागे एका पेशंटनं तशी तक्रार केली होती. भूल देणारा एकदा औषध टोचून बाहेर चहाला जात नाही, शेवटपर्यंत डोक्याशी असतो. शेवटी स्नायू ढिले करणाऱ्या औषधावर उतारा देतात, मग कानाशी तुझं नाव येईल, डोळे उघड, हात दाब, मान उचल. बहुतेक सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, "झालं?" दीड तास गेलाय यावर त्यांचा विश्वास बसत नाही. झोपेतून उठल्यावर वेळ गेल्याचं अंगाला कळतं, यात तेही कळत नाही.

तू म्हणालास, "तूच ये की भूल द्यायला." दादांच्या हर्नियाच्या वेळी मी असाच हट्ट केला होता. ऑपरेशन सुरू झालं, आणि दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी नुसता दादांच्या चेहऱ्याकडे बघतोय, टिकटिक ऐकूच येत नाहीये. मित्राला बोलावलं आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसलो. तुझ्या वेळीही तेच होईल. तुला असा माणूस हवा ज्याला तू कोण आहेस याचं काही नाही.

त्या माणसाला तुझ्या तोंडाचं खरं कळायला हवं. एवढं वाचून झालं की आखाड्यावरच्या त्या फुटक्या आरशासमोर उभा राहा. होईल तेवढं तोंड उघड. अंगठा सोडून पहिली तीन बोटं जोडून, एकावर एक येतील अशी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाल. जोर लावू नको. तीन गेली तर माझी दिवाळीपासूनची काळजी फुकट, मला शिव्या दे. दोन गेली तर त्यांना आधीच सांगायचं, ते तयारीत राहतील. एकच गेलं तर त्या डॉक्टरांना माझा नंबर दे, मी बोलतो. नळी नाकातून जाईल, थोडा त्रास होईल, पण जाईल.

उद्या संध्याकाळी फोन करतो. नुसता आकडा सांग. स्पीकरवर असलास तरी कुणाला काही कळणार नाही.

तुझा,
अण्णा