रविवारच्या माळशेज फेरीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता आपल्या गाड्या ठाण्याच्या माजिवडा नाक्यावरून निघून कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जातील. बुलबार (पुढच्या बंपरवर बसवलेला धातूचा गार्ड) लावलेली गाडी आणू नये. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर मनाई केली असून, बुलबारमुळे एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. कच्च्या वाटेवर टायरमधील हवा कमी केल्यास पकड वाढते, परंतु डांबरी रस्त्यावर परतताना ती पुन्हा भरावीच लागत असल्याने हवेचा पंप प्रत्येकाने सोबत ठेवावा.

कुत्रे आणणाऱ्यांना विशेष विनंती आहे. मागील फेरीत आमची लॅब्रॅडॉर डिकीत सुटी बसली होती आणि पहिल्याच खड्ड्यात तिचे तोंड स्टेपनीच्या नटावर आपटून ओठ फाटला. तिचे ते कण्हणे मी विसरू शकलेलो नाही. म्हणून कुत्र्याला छातीचा पट्टा घालून तो सीटबेल्टला अडकवावा. गळ्याच्या पट्ट्याला मात्र कधीही बांधू नये, कारण हिसका बसल्यास मानेला इजा होते. पावसाळी डबक्यांतून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) लागण होऊ शकत असल्याने त्याच्यासाठी घरचे पाणी आणावे, आणि परतल्यावर कान व पंजांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्यात.

कुत्र्यासह येणाऱ्यांनी शुक्रवार सायंकाळपर्यंत नाव कळवावे.