रेटिनॉइडच्या वेष्टनावर वापराची पद्धत छापावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी औषधनिर्माता आहे. मुरमांसाठी लिहून दिलेली ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीनची ट्यूब देताना मी रुग्णाला चार गोष्टी सांगतो, पण घरी गेल्यावर त्यातली एखादीच त्याच्या लक्षात राहते. खोक्यातला बारीक अक्षरांचा, घड्यांवर घड्या घातलेला कागद तर बहुतेक वेळा न उघडताच खोक्याबरोबर टोपलीत जातो. ही दोन्ही रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या गटातली औषधे आहेत. म्हणून त्वचेवर लावायच्या सर्व रेटिनॉइड औषधांच्या वेष्टनावर वापराची पद्धत सोप्या भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापणे बंधनकारक करावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

ही औषधे धोकादायक आहेत, असा माझा दावा मुळीच नाही. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली, तर ०.१ टक्के ॲडापलीन जेल तेथे २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. याच गटातले टॅझारोटीन सोरायसिस या त्वचारोगावरही वापरतात. बिघडते ते वापरण्याच्या पद्धतीत.

रेटिनॉइडमुळे रोमछिद्रांच्या तोंडाशी मृत पेशी साचून ती बुजण्याची क्रिया रोखली जाते, म्हणून ते दिसणाऱ्या पुटकुळीवर टिपक्यासारखे न लावता, मुरमे येतात त्या संपूर्ण भागावर पातळ थरात लावायचे असते. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे औषध पुरते. त्याहून जास्त लावल्याने गुण लवकर येत नाही. आग, लाली आणि सालपटे मात्र वाढतात. सुरुवातीला एक-दोन रात्री आड करून, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावावे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ टाळावेत. कोरडेपणा जाणवल्यास साधे मॉइश्चरायझर लावावे. दिवसा सनस्क्रीन हवेच. ट्रेटिनॉइन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवरचे दुसरे औषध एकाच वेळी लावू नये, कारण त्याने ट्रेटिनॉइनचा प्रभाव कमी होऊ शकतो. ॲडापलीनच्या बाबतीत ही अडचण येत नाही. एकाच गटातल्या औषधांमध्येही असा फरक असल्यामुळे सर्वांवर एकच साचेबंद सूचना छापून भागणार नाही.

सर्वांत जास्त गोंधळ पहिल्या काही आठवड्यांत होतो. मुरमे वाढल्यासारखी वाटतात, हनुवटीजवळची त्वचा सोलवटते, आणि रुग्ण एकतर औषध सोडून देतो किंवा घरात पडलेले स्टिरॉइडचे मलम त्यावर चोळतो. दुसरा उपाय पहिल्याहून वाईट. फरक दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, ही एक ओळ खोक्यावर असती, तर यातले कित्येक जण थांबले असते. मात्र सूज, फोड किंवा सहन न होणारी जळजळ असेल तर औषध बंद करून डॉक्टरांना दाखवावे, हेही त्याच ओळीखाली हवे.

ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारे औषध) आणि स्टिरॉइड एकत्र असलेल्या क्रीमचा विचार वेगळा करावा लागेल. वांगांसाठी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली मर्यादित काळ वापरायची असते. चेहरा उजळतो म्हणून ती महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होऊ शकते आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. अशा क्रीमवर 'यात स्टिरॉइड आहे' हे शब्द औषधाच्या नावाइतकेच ठळक असावेत.

गर्भारपणाबाबतची सूचना मात्र अत्यंत तोलून लिहायला हवी. पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइन या रेटिनॉइडमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, हे निर्विवाद आहे. त्वचेवर लावलेल्या रेटिनॉइडचे शोषण फारच कमी असते. तरीही युरोपीय औषध संस्थेने २०१८ मध्ये खबरदारी म्हणून गर्भवतींनी आणि गर्भधारणेचे नियोजन करणाऱ्यांनी ती वापरू नयेत, असे सांगितले. वेष्टनावर नुसती लाल फुली छापली, तर नकळत काही दिवस क्रीम लावलेली स्त्री विनाकारण हादरून जाईल. 'वापर थांबवा आणि डॉक्टरांना सांगा' एवढे स्पष्ट वाक्य तिला अधिक उपयोगी पडेल.

मजकूर तज्ज्ञांनी ठरवावा, पण छापण्यापूर्वी तो वैद्यकाशी संबंध नसलेल्या काही जणांना वाचायला द्यावा आणि 'किती लावाल, कुठे लावाल, केव्हा थांबाल?' असे त्यांना विचारावे. या तिन्हींची उत्तरे खोक्याकडे पाहून देता आली नाहीत, तर मसुदा पुन्हा लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक औषधनिर्माता