वर्ग खाली आणा, मुलाला वर नेऊ नका

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जिना चढू न शकणाऱ्या विद्यार्थ्याची तुकडी तळमजल्यावर भरवण्याबाबत

महोदय,

मागणी एका ओळीची आहे, ती आधीच सांगतो. ज्या तुकडीत जिना चढू न शकणारा विद्यार्थी आहे ती तुकडी तळमजल्यावरच भरेल, असं परिपत्रक काढा. जिल्हा परिषदेच्या, अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्या शाळांसाठी. त्याला ना निधी लागतो, ना टेंडर.

आता ज्याच्यामुळे ही मागणी करतोय त्याच्याविषयी. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची आई अजून त्याच गावात राहते आणि तिला न विचारता ते छापणं मला पटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही पाचवीपासून एका बाकावर होतो. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार, ड्युशेन प्रकारचा. पाचवीत तो चवड्यांवर, पोट पुढं काढून चालायचा. खाली बसला की उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत रोवत उभा राहायचा. सातवीत जिना सुटला, आठवीत चालणं.

हुशार मुलं प्रत्येक वर्गात असतात. याचं निराळं होतं. भूमितीचे सर फळ्यावर सिद्धता संपवून हात झटकत असायचे आणि हा बाकावरून म्हणायचा, "सर, ती मधली रेघ काढायची गरज नव्हती." आणि खरंच नसायची. सरांनी एकदा त्याची खुर्ची फळ्याशी ओढून खडू पुढं केला, तेव्हा तो म्हणाला, हात खांद्याच्या वर जात नाही, मी सांगतो, तुम्ही लिहा. सरांनी लिहिलं. मग ती रीतच पडली. अवघड प्रमेय आलं की तो सांगणार आणि सर लिहिणार. त्या सरांबद्दल मला आजही आदर आहे.

आठवी ते दहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर होते. लहान मुलं खाली, मोठी वर, अशी शाळेची पद्धत. आम्ही चौघं त्याला खुर्चीसकट वर न्यायचो. उचलणारा नवा असला की तो आधी बजावायचा, "काखेत हात घालू नको, मी निसटतो." खांद्याचे स्नायू गेले की तसंच होतं, आणि ते त्याला एकदा पडूनच कळलं होतं. या आजारात पाय मोडला तर मूल पुन्हा कधी उभं राहत नाही असंही होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांवर ही जोखीम सोपवलेली होती आणि सगळ्यांना ते फार छान वाटायचं. तो मात्र जिन्याच्या वळणावर ओरडायचा, "आज ड्रायव्हर नवा आहे, देवाचं नाव घ्या!"

एकदा वर गेला की शाळा सुटेपर्यंत तो वरच. मुतारी खाली, मैदानाच्या टोकाला. म्हणून तो सकाळपासून पाणीच प्यायचा नाही. डबा खाताना एक घोट घ्यायचा आणि बाटली माझ्याकडे सरकवायचा. एप्रिलमध्येसुद्धा.

मधल्या सुट्टीत वर्ग ओस पडायचा आणि तो एकटा उरायचा. हळूहळू तिथं गणितात गचकणारी पोरं जमायला लागली. तो उत्तर कधीच सांगायचा नाही. "कुठपर्यंत आलास?" एवढंच विचारायचा आणि तिथून पुढं न्यायचा. चुकलं म्हणून कुणाला हसला नाही, आणि आमच्या वर्गात हसणाऱ्यांची काही कमी नव्हती. नववीत नापास होऊन आमच्या वर्गात आलेला एक जण आज पॉलिटेक्निकात गणित शिकवतो.

दहावीच्या निरोप समारंभात पाहुण्यांनी त्याच्या जिद्दीवर आणि आमच्या मैत्रीवर भाषण केलं. टाळ्या वाजत असताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "जिद्द राहू दे, पाचवी 'अ' वर पाठवा म्हणावं." तेव्हा महोदय, मागणी माझी नाही, त्याची आहे.

शाळांमधले बांधकामाचे अडथळे दूर करण्याची तरतूद असलेला, अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ ला लागू झाला. आमची दहावी त्याच मार्चमधली. पुढं कनिष्ठ महाविद्यालयाचे विज्ञानाचे वर्ग वरच्या मजल्यावर निघाले आणि उचलणारे चौघं चार दिशांना गेले होते. त्यानं सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून, कला शाखेतून बारावी केली. भूमितीचा तो मुलगा! विशीतच तो गेला. या आजारात हृदयाचे आणि श्वासाचे स्नायूही शेवटी हार मानतात. त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. दोन जिन्यांमुळे विज्ञान सुटलं, त्याबद्दल आहे.

आता दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्वतंत्र उल्लेख आहे. कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं इमारत आणि आवार वापरण्याजोगं करायचं आहे, शिवाय त्या-त्या विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयही द्यायची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि सेवा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचे, निकष नुसते मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. हे सगळं चांगलंच आहे. पण शाळेच्या पातळीवर ते रॅम्पपाशी येऊन थांबतं. माहितीच्या फॉर्मात 'रॅम्प : आहे' लिहिलं की झालं. रॅम्प व्हरांड्यापर्यंत जातो, त्यावर शिक्षकांच्या स्कूट्या लावलेल्या असतात, आणि मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर.

लिफ्ट बसवा असं मी म्हणत नाही. गावाकडं वीज दुपारी जाते आणि मुलगा वर अडकतो. वर्ग हलवणं तेवढं सोपं आहे. साठ मुलांना पाय आहेत, ती वर-खाली जाऊ शकतात. प्रयोगशाळा वर असेल तर प्रात्यक्षिकाच्या तासाला एका टेबलाचं सामान खाली आणता येतं. शिपाईमामा आजही परीक्षेच्या दिवशी बाकं हलवतातच. ड्युशेनसारख्या आजारात तर शाळेला अचानक काही कळतं असंही नाही. ही मुलं बहुधा बाराव्या वर्षाच्या आसपास चालायची थांबतात, हे डॉक्टर पहिलीतच सांगू शकतात. शाळेच्या हातात पुरती पाच-सहा वर्षं असतात.

परिपत्रकात आणखी दोन गोष्टी घालाव्यात. त्या खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत पायरी नसावी. आणि दहावी-बारावीच्या केंद्रावर अशा विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक तळमजल्याच्या खोलीत टाकावा, पालकांनी वेगळा अर्ज करायची वाट न पाहता.

तुकड्यांच्या खोल्या शाळा उघडायच्या आधी, मे-जूनमध्ये ठरतात. परिपत्रक एप्रिलअखेर शाळांच्या हातात पडलं तर येत्या वर्षीच अंमल होईल. जुलैत निघालं, तर "आता वर्ग बसले, पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर ठरलेलं आहे.

आपला,
एक माजी विद्यार्थी, सातारा जिल्हा