गुरूचे ‘संदेश’ नव्हेत, उष्णता

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘गुरू ग्रहाकडून येणारे रेडिओ संदेश’ असा शब्दप्रयोग वाचला. संदेश म्हटला की पाठवणारा आला. प्रत्यक्षात सेंटिमीटरभर तरंगलांबीच्या या लहरी म्हणजे बहुतांशी गुरूच्या वातावरणाची, लहरींच्या रूपात बाहेर पडणारी, स्वतःची उष्णता होय.

गुरूवरील अमोनिया सव्वा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी जोमाने शोषतो. त्यामुळे तो दाट असेल तेथे वरचे थंड थरच दिसतात, विरळ असेल तेथे खालच्या उष्ण थरांपर्यंत नजर पोहोचते आणि तरंगलांबी वाढवत नेली की ढगांच्या कितीतरी खालचा ठाव लागतो. जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत शिरलेल्या ‘नासा’च्या ‘जुनो’ यानाने १.४ ते ५० सेंटिमीटर अशा सहा तरंगलांबींवर हेच मोजले. ढगांखाली अमोनिया सर्वत्र सारखा मिसळलेला असेल, हा समज त्या मापनाने मोडीत काढला: विषुववृत्तालगत तो भरपूर, इतरत्र मात्र बऱ्याच खोलीपर्यंत कमीच. पृथ्वीवरून हे काम अवघड, कारण लांब लहरींमध्ये गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे प्रारण (त्यांच्यातून निघणाऱ्या लहरी) उष्णतेला झाकोळून टाकते.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गच्चीवर, दिव्यांच्या झगमगाटातही, छोट्या दुर्बिणीतून गुरूचे दोन पट्टे दिसतात. सोसायटीतली मुले ते पाहून हमखास विचारतात, ‘त्याच्या खाली काय आहे?’ (‘संदेश कोण पाठवतं?’ हा प्रश्न आता आपल्या लेखामुळे वाढला आहे.) पुढील पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)