चीर लहान आहे, पण ऑपरेशन लागतंय का?

संपादक महोदय,

'एकच टाका, त्याच दिवशी घरी' अशा मणक्याच्या ऑपरेशनच्या जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतायत म्हणून लिहितेय. ऑपरेशन वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझ्या दिराची एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली होती, कळ कमरेतून पार पायापर्यंत जायची आणि नंतर तर पायाचा अंगठाच वर उचलेना, चालताना चप्पल मागे राहायची तरी त्याला कळायचं नाही. त्याचं दुर्बिणीने केलं, जेमतेम दोन सेंटीमीटरची चीर, स्नायू न कापता बाजूला सारून नळी आत घालतात आणि शिरेवर दाबणारा तुकडा तेवढा काढतात, अख्खी गादी नाही. संध्याकाळी चालवलं त्याला. कळ लगेच गेली, अंगठ्यात ताकद यायला मात्र काही महिने लागले.

पण शेजारच्या काकूंना नुसती कंबरदुखी, पायात ना कळ ना मुंग्या, तरी एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणून थेट ऑपरेशनची तारीखच दिली! अहो, १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले तर त्यातल्या निम्म्यांहून जास्त लोकांची गादी फुगलेली निघाली होती. रिपोर्टवर नाही, त्रासावर ठरवायचं असतं ना? हे ऑपरेशन मुख्यतः पायातल्या कळेसाठी आहे, आणि ती कळसुद्धा बऱ्याच जणांची गोळ्या, व्यायाम, हिंडतंफिरतं राहणं यावर सहा ते बारा आठवड्यांत कमी होते, बाहेर आलेला तुकडा कितीदा आपोआप विरून जातो. वर्षभराने बघितलं तर नळीतून केलेलं आणि नेहमीचं मायक्रोस्कोपने केलेलं, दोन्हींत पायाच्या दुखण्यात फार फरक राहत नाही, मग नुसत्या चिरेच्या मापावर जास्तीचे पैसे का मोजायचे हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. गादी परत सरकू शकते का, तेही विचारा.

उलट काही लोक घाबरून नको तेवढं थांबतात. लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली तर पट्टा बांधून पडून राहू नका, कंबर चोळून घ्यायला कुणाकडे जाऊ नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. आपल्या आरोग्य पुरवणीत एवढी लक्षणं तरी ठळक चौकटीत छापा, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, सातारा